दवाखान्याच्या दारातली बातमी

रोवणी आटोपत आली असेल. कुणी पायाचा चिखल धुऊन चुलीपाशी बसली असेल, कुणी अंगणात. आवाज नीट येत नसेल तर रेडिओ खिडकीशी न्या. आजचा विषय जरा नाजूक आहे, पण घरात सासरे-दीर बसले असतील म्हणून बंद करू नका. त्यांच्याही कानावर पडू द्या.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, बाया उठल्या आणि एकजण मागे रेंगाळली. तिचं नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणीतरी पाठवलेलं बातमीचं कात्रण होतं. दवाखान्यासमोर ओळीनं उभी माणसं, हातात मेणबत्त्या, गळ्यात क्रॉस, माना खाली घातलेल्या. खाली मराठीत एक ओळ, गर्भपाताविरोधात प्रार्थना. ती म्हणाली, "काहून वं ताई, हे आता बंद झालं का? सरकारनं कायदा काढला का?"

मी म्हटलं, नाही गं. हा फोटो आपल्याकडचा दिसतही नाही, माणसं बघ कशी जाड कोट घालून उभी आहेत. एवढं बोलून गेले आणि मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती फोटोचं विचारतच नव्हती. तिची पाळी चुकली होती. घरी दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पितं. कात्रण पाहिलं तेव्हा सहावा आठवडा असावा. त्यानंतर तीन आठवडे ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, कारण आता विचारणं हाच गुन्हा झाला असं तिला वाटलं होतं. आणि नऊ आठवड्यांपर्यंत जे काम डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्यांनी होतं, ती मुदत त्या तीन आठवड्यांत निघून गेली.

त्या तीन आठवड्यांपायी मी आज बोलते आहे.

आधी ही प्रार्थना काय असते ते सांगते. आपण देवीचा जागर करतो ना, तसाच तो जागर. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या एका गावात २००४ मध्ये काही ख्रिस्ती मंडळींनी गर्भपात केंद्रासमोर सलग चाळीस दिवस, रात्रंदिवस पाळीपाळीनं उभं राहून प्रार्थना केली. चाळीस हा आकडा त्यांच्या धर्मात मोठा. येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, म्हणून ईस्टरच्या आधीचा त्यांचा उपासाचा काळही चाळीस दिवसांचा. पुढे २००७ पासून हे जागर एकाच वेळी अनेक शहरांत होऊ लागले, मग अनेक देशांत. आपल्या देशात दवाखान्यासमोर असं उभं राहण्याचा प्रघात पडलेला नाही, पण मोर्चे निघाले आहेत. आपला गर्भपाताचा कायदा १० ऑगस्ट १९७१ चा. त्याच तारखेला २०२२ मध्ये दिल्लीत आणि २०२३ मध्ये केरळातल्या त्रिशूरला कॅथलिक मंडळींनी जीवनासाठी म्हणून पदयात्रा काढली.

त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. गर्भ राहिला त्या क्षणापासून तो पूर्ण जीव, असं कॅथलिक पंथ मानतो. मदर तेरेसांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा ओस्लोच्या भाषणातही त्या हेच बोलल्या. मिशनच्या सिस्टर लोकांनी रात्री-बेरात्री गरीब बायांची बाळंतपणं केली आहेत, ते कुणी विसरू नये. आणि खरं सांगू का, पोटातल्या जिवाचं पाप आपल्या हिंदू घरांतही बोललं जातं, बौद्ध घरांत बोललं जातं, गोंड घरांतही. प्रार्थना करणाऱ्यानं करावी. माझं म्हणणं आहे त्या प्रार्थनेच्या बातमीबद्दल.

गावपातळीची बातमी कशी तयार होते ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या गटाचा हळदी-कुंकवाचा कार्यक्रम झाला की आपणच कागदावर चार ओळी लिहितो, फोटो काढतो आणि वार्ताहराला पाठवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छापून येतं: अमुक उपस्थित, तमुक यांनी आभार मानले. वार्ताहर बिचारा जाहिराती गोळा करून घर चालवतो. तयार आलेली बातमी तो पुढे सरकवतो, त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही. जागराची बातमी याच वाटेनं येते, मग गाव टेक्सासचं असो की आपलं. जागर कधी सुरू झाला, किती लोक आले, पाद्री काय बोलले आणि शेवटच्या दिवशी किती बाळं वाचली.

या शेवटच्या आकड्यापाशी जरा थांबा. बाळं वाचली हे मोजलं कुणी? बाई दारापर्यंत आली, गर्दी पाहिली आणि माघारी फिरली, की एक बाळ वाचलं असं आयोजक धरतात. ती दुसऱ्या दिवशी आली असेल. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेली असेल. घरी जाऊन काहीबाही खाल्लं असेल. तिच्या मागे जाऊन पाहणारं कुणी नसतं, तरी आकडा छापून येतो. धानाच्या बांधीवर उभं राहून दुसऱ्याच्या कोठीतली पोती मोजावीत, तसा हा हिशेब.

यात एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रार्थना करणारा माणूस चेहरा दाखवतो, नाव सांगतो, फोटोला उभा राहतो. आत जाणाऱ्या बाईला यातलं काहीच करता येत नाही. तिचं नाव गुप्त ठेवायचं, असं कायदाच सांगतो आणि ते तिच्या भल्याचंच आहे. पण त्यामुळे बातमी आपोआप एका बाजूला कलते.

इंग्लंडमध्ये बोर्नमथ नावाच्या शहरात एक माजी सैनिक गर्भपात केंद्राजवळच्या राखीव हद्दीत मुकाट्यानं प्रार्थना करत उभा राहिला. २०२४ च्या ऑक्टोबरात कोर्टानं त्याला दोषी धरलं आणि नऊ हजार पौंड खर्च भरायला लावला. त्याची बातमी जगभर गेली, अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांनी भाषणात त्याचा दाखला दिला. मनातल्या मनात प्रार्थना केली म्हणून शिक्षा, हा प्रश्न खरोखर विचार करण्यासारखा आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण त्या रस्त्यानं आत जाणाऱ्या बायांचं म्हणणं काय होतं, हे किती जणांनी वाचलं? ती राखीव हद्द त्यांच्या तक्रारींवरूनच आली होती. आता इंग्लंडमध्ये सगळीकडेच गर्भपात केंद्रापासून दीडशे मीटरच्या आत बाईला अडवणं, तिच्यावर दबाव आणणं गुन्हा आहे. दीडशे मीटर म्हणजे आपली दोनशे पावलं.

आपल्याकडे एवढी गर्दी लागतच नाही. ओपीडीच्या बाकावर गावची एक आत्याबाई बसलेली दिसली की पुरे. "काहून आली वं?" एवढंच तिनं विचारायचं. आपली बाई "पोट दुखते" म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी येते. डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ते संशोधन लॅन्सेट या इंग्लंडच्या साप्ताहिकात आलं. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि आधी कधी त्यासाठी तपासून घेतलेल्या होत्या शंभरातल्या फक्त आठ. त्याला साडेतीन दशकं होऊन गेली, दवाखाने वाढले, रस्ते झाले. बाकावरची आत्याबाई आहे तिथंच आहे.

मग अशा बाईची बातमी होते तरी कधी? सविताची गोष्ट सांगते.

सविता हलप्पनवार. माहेर बेळगावचं. शिकून दातांची डॉक्टर झाली, नवऱ्याबरोबर आयर्लंड देशात गॉलवे शहरात राहायला गेली. ३१ वर्षांची होती, पहिलाच गर्भ, सतरावा आठवडा. पाठीत दुखायला लागलं म्हणून २१ ऑक्टोबर २०१२ ला दवाखान्यात गेली. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. नवरा-बायको दोघांनी विनंती केली की मग मोकळं करा. उत्तर आलं, गर्भाचे ठोके सुरू आहेत तोवर करता येत नाही, इथला कायदा तसा आहे. हा कॅथलिक देश आहे, असंही एक नर्स बोलली. पुढच्या चौकशीत तिनं ते मान्य केलं. ठोके थांबेपर्यंत जंतू रक्तात पसरले होते. २८ ऑक्टोबरला सविता गेली. सरकारी तपासणीच्या अहवालात पुढे आलं की तिला वाचवण्याच्या तेरा संधी हुकल्या होत्या. म्हणजे एकट्या कायद्याचाच दोष नव्हता, तिच्या तब्येतीकडे वेळेवर लक्षही दिलं गेलं नव्हतं. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगायला हवं.

१४ नोव्हेंबरला ही बातमी तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रात आली आणि देश हादरला. डब्लिनच्या संसदेसमोर लोक मेणबत्त्या घेऊन जमले, सविताचा फोटो उंच धरून. पुढच्या जानेवारीत त्याच शहरातल्या मेरियन चौकात हजारो माणसं जमली, ती गर्भपाताचा कायदा येऊ नये म्हणून. त्याही सभेला जागरच म्हटलं गेलं. दोन्हीकडे गर्दी, दोन्हीकडे जागर. खालची ओळ वाचल्याशिवाय कुणाची रात्र कुणासाठी, ते कळायचं नाही. २५ मे २०१८ ला तिथं जनमत घेतलं, शंभरातल्या ६६ लोकांनी जुनी बंदी काढा म्हणून कौल दिला. त्याआधी सविताच्या आई-वडिलांनी बेळगावहून त्या लोकांना विनवलं होतं, आमच्या मुलीला विसरू नका. नवा कायदा २०१९ पासून लागू झाला. बाराव्या आठवड्यापर्यंत बाईनं मागितला तर गर्भपात करता येतो.

आयर्लंडच्या बाईला हे २०१९ मध्ये मिळालं. आपल्या आज्यांना १९७१ मध्ये मिळालं होतं. ज्या समितीच्या अहवालावरून आपला कायदा झाला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे त्या वेळचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. म्हणजे कायद्याचं मूळ एका अर्थानं आपल्याच राज्यातलं. आणि आपल्याच राज्यातली बाई कात्रण पाहून तीन आठवडे गप्प बसते.

ती गप्प का बसली, याचा मी बराच विचार केला. दोष त्या एका परदेशी फोटोचा नाही. माझ्या घरात जुन्या पेपरची थप्पी असते, ती मी काढून बसले. गर्भपात हा शब्द जिथं जिथं सापडला, तिथं बहुतेक ठिकाणी आधी अवैध होतं आणि नंतर पोलीस. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या विदर्भातच, वर्ध्याच्या आर्वीला, एका खाजगी दवाखान्याच्या गोबरगॅसच्या टाकीत ११ कवट्या आणि ५४ हाडं सापडली. प्रकरण उघडकीला आलं एका तेरा वर्षांच्या पोरीच्या गर्भपातावरून. २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. या बातम्या छापल्याच पाहिजेत, मोठ्या टाइपात छापल्या पाहिजेत. पण शेवटी दोन ओळी कुणी लिहीत नाही की कायदेशीर गर्भपात कुठं होतो आणि कसा. मग वाचणाऱ्या बाईच्या मनात गर्भपात, पोलीस आणि हाडं एकत्र शिजतात.

त्यात आणखी एक गोंधळ. स्त्रीभ्रूणहत्या आणि गर्भपात हे दोन शब्द आपण एकाच मापानं मोजतो. दवाखान्यात पाटी असते, येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. आमच्या गटातल्या निम्म्या बायांना त्या पाटीचा अर्थ विचारला, तर म्हणाल्या, गर्भपात करत नाही असं लिहिलं आहे. बायांनो, तसं नाही. मुलगा की मुलगी हे तपासणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि मुलगी आहे म्हणून पाडणं हा तर सरळ अन्याय. पण बाईला तिच्या तब्येतीसाठी किंवा कुटुंब नियोजनाचं साधन फसलं म्हणून गर्भ नको असेल, तर ते वेगळं. त्याला कायद्याची मान्यता आहे.

आता कायदा नीट ऐका, वहीत लिहून घेतलं तरी चालेल. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ते ठरावीक बायांसाठी आहे: बलात्कार झालेली, अठरा वर्षांखालची, अपंग, गरोदरपणातच नवरा वारला किंवा फारकत झाली अशी, गर्भात मोठा दोष आहे अशी. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तर डॉक्टरांचं मंडळ ठरवतं. पूर्वी वीसच्या पुढे वाट जवळपास बंदच होती. २००८ मध्ये डॉ. निखिल दातार मुंबईच्या एका पेशंटबरोबर हायकोर्टात गेले होते. बाळाच्या हृदयात दोष होता, चोवीस आठवडे होऊन गेले होते, कोर्टानं परवानगी नाकारली. कोर्टाची पायरी चढली म्हणून त्या बाईचं नाव, फोटो सगळ्या पेपरांत आणि टीव्हीवर. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट दुःख अख्ख्या देशानं चर्चेला घेतलं.

बाई अठरा वर्षांची झालेली असेल तर तिची एकटीची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात नाही. मागतात, ते वेगळं. मागितली तर विचारायचं, कुठं लिहिलं आहे ते दाखवा. लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि गोळ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून घरी खायच्या नाहीत. रक्त थांबत नाही तेव्हा आपल्या रानातल्या गावातून चंद्रपूर किती लांब आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते, तिनं सांगायला हो म्हटलं आहे. आशाताई तिला घेऊन गेली. गोळ्यांची वेळ निघून गेली होती, म्हणून पिशवी साफ करावी लागली. संध्याकाळच्या एसटीनं परत आली. रोवणीची दोन दिवसांची मजुरी बुडाली. बाकावर ओळखीची आत्याबाई भेटलीच. तिला काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मी म्हटलं, माझं काम आहे. मंग ते गप्प रायली."

यानंतर आम्ही चौघीजणी तालुक्याच्या वार्ताहराकडे गेलो. भांडायला नाही. त्याला म्हटलं, दादा, गर्भपाताची कुठलीही बातमी आली, जागराची असो, मोर्चाची असो की पोलीस केसची, तर खाली एवढं टाकत जा: वीस आठवड्यांपर्यंत, मान्यताप्राप्त केंद्रात, डॉक्टरच्या सल्ल्यानं गर्भपात कायदेशीर आहे, माहितीसाठी १०४ नंबरला फोन करा. तो म्हणाला, जागा मिळत नाही ताई, वरचे लोक कापतात. आम्ही म्हटलं, सत्काराच्या बातमीतली आभाराची ओळ काप. तो हसला. मागच्या आठवड्यात एका बातमीखाली दीड ओळ आली. नंबर मात्र चुकून १०८ पडला, ती तर ॲम्ब्युलन्स. परत जावं लागणार आहे.

तुमच्या मोबाइलवर असं काही आलं तर पुढे पाठवायच्या आधी पाहा, फोटो कुठला आहे, आकडा कुणी मोजला आहे. कळलं नाही तर गटाच्या बैठकीत घेऊन या. आमच्या गटात आता हप्ते झाल्यावर दहा मिनिटं त्यासाठीच ठेवतो. पुढच्या मंगळवारी याच वेळी आशाताई येणार आहेत, पाळी चुकल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं ते सांगायला. प्रश्न असतील तर चिठ्ठी पाठवा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. नमस्कार.